कडीपाटाच्या फळ्या गेल्या कुठे?

मंडळी, गेल्या आठवड्यात न्यू जर्सीहून दादाच्या नातवाचा फोन आला. इकडची तिकडची विचारपूस झाली, गुडघेदुखीचा विषय झाला, आणि मग तो जरा अडखळत म्हणाला, "आत्याआजी, सांगलीच्या वाड्याच्या माडीचं लाकूड तू एका बोटीच्या केबिनमध्ये जमिनीला लावलंस म्हणे?"

"म्हणे" या शब्दातच सगळं आलं. त्याला त्या लाकडाचं एक टेबल करून घ्यायचं होतं. घरातली आठवण म्हणून. ते त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मीही कुणाला फारसं विचारलं नव्हतं, हेही खरं. पुण्याच्या वहिनींनीही मागे एका लग्नात टोमणा मारलाच होता, "आजोबांचं सागवान, आता त्यावर कोण कोण चपला घालून नाचतं कुणास ठाऊक!"

तर सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला बसले. अडतीस वर्षं पोरांना शिकवल्यामुळे साध्या प्रश्नाचं उत्तर साधं देता येत नाही, त्याचा इतिहास सांगावा लागतो. तेवढं सोसा.

* * *

आमचा वाडा सांगलीच्या गावभागात. माझ्या पणजोबांनी बांधलेला. त्या घरात लहानपणी पायाखाली तीन तऱ्हेची जमीन होती. स्वयंपाकघरात आणि माजघरात शेणानं सारवलेली. ओसरीवर शहाबादी फरशी. आणि माडीवर कडीपाट.

नव्या पिढीसाठी सांगते. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, त्यावर आडव्या कड्या, कड्यांवर शेजारी शेजारी लावलेल्या सागवानी फळ्या म्हणजे पाट, आणि त्यावर मातीचा थर. तो थर सारवायचा. म्हणजे वरच्याला ती जमीन, खालच्याला तेच छत. खाली अंथरुणावर पडलं की कड्या आणि फळ्या मोजता यायच्या. मी मोजायची. एका फळीत मोठी गाठ होती, डोळ्यासारखी. धाकटा भाऊ त्या डोळ्याला घाबरून पांघरुणात तोंड घालून झोपायचा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सांगली कोयनानगरपासून कितीतरी लांब, तरी आमचा कडीपाट करकरला आणि फटींतून माती अंगावर झडली. आई ओरडली, "बाहेर पळा!" आम्ही अंगणात थंडीत कुडकुडत उभे. वाडा जागचा हलला नाही. वडील नंतर म्हणायचे, दगडाची भिंत ताठ असते, लाकूड वाकतं, म्हणून वाचतं. पुढे त्याच कोयनेच्या काठी माझी नोकरी जायची होती, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

* * *

आता गालिच्याबद्दल. कारण सगळं रामायण गालिच्यापासूनच सुरू होतं.

आपल्याकडे गालिचा नव्हता असं मुळीच नाही. मराठ्यांच्या राज्यात जे अठरा कारखाने मानत, त्यांत फरासखाना हा एक. तंबू, बिछायती, जाजमं, गालिचे यांची व्यवस्था पाहणारं ते खातं. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीचं नाव तिथूनच आलं. फरास म्हणजे जाजम अंथरणारा आणि, हे महत्त्वाचं, कार्यक्रम झाला की झटकून, गुंडाळून ठेवणारा माणूस. आमच्याकडे फरास कुठला असायला! पण लग्नकार्याला जाजम निघायचं, वडील स्वतः उन्हात टाकायचे, काठीनं बडवायचे, कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळी करायचे. जाजम ही अंथरायची वस्तू. कायमची चिकटवून टाकायची नव्हे.

विलायतेतही मोठ्या गालिच्यांची तीच रीत होती. व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी एक प्रचंड गालिचा विणला होता. तो इंग्लंडात विंडसरच्या राजवाड्यात आहे. १९९२ साली तिथे मोठी आग लागली तेव्हा कितीतरी सैनिकांनी मिळून तो गुंडाळून बाहेर काढला, म्हणून वाचला. जमिनीला डिंकानं चिकटवलेला असता तर?

भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवायची हौस आपल्याकडे फार उशिरा आली. आमच्या वाड्यात ती १९९० नंतर आली. पुतण्यानं खालच्या बैठकीच्या खोलीत हिरवा गालिचा बसवून घेतला. छान दिसायचा. आई तेव्हा होती. ती त्यावर पाय ठेवताना विचारायची, "अरे, ह्याच्या खाली झाडायचं कसं?" आम्ही हसायचो.

२००५ च्या पुरात कृष्णामाई घरात आली. हिरवा गालिचा चार दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर तो कापून काढावा लागला; दोन माणसांना तुकडा उचलवेना इतका जड, आणि वास असा की शेजारचे ओकले. खालची शहाबादी फरशी मात्र बादलीभर पाण्यानं धुतली की झाली, जशी होती तशी. त्यातून शहाणपण यावं की नाही? नाही आलं. दोन वर्षांनी तपकिरी गालिचा आला. तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्या वेळी इर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे हिशोब करा.

त्या पुरानं वाड्याच्या मातीच्या भिंतींनी दम सोडला. खाली भिंती फुगल्या, वर कडीपाट मात्र कोरडा ठणठणीत. पुढे तीन वर्षं टेकू लावून ठेवला, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात वाडा उतरवायचा ठरला.

जुनं लाकूड घेणारा व्यापारी आला, घनफुटाच्या भावानं बोलू लागला. दादानं मला साताऱ्याला फोन केला, "माई, तुला वाड्यातलं काय हवं?" बहिणींना असं विचारणारे भाऊ सगळ्यांच्या नशिबी नसतात, हे इथे नमूद करते. मी म्हटलं, "माडीच्या फळ्या." का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्या दिवशी तरी मला फक्त छताचा तो डोळा हवा होता. बेचाळीस फळ्या निघाल्या. टेम्पोनं साताऱ्याला आल्या आणि आमच्या गॅरेजात उभ्या राहिल्या.

* * *

आता सांगलीहून थेट बामणोलीला जायचंय. वाट वाटते तेवढी वाकडी नाही. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन भेटतात. तिथून पुढे सांगलीच्या घाटाला लागतं ते पाणी दोघींचं. त्यामुळे माझं माहेर आणि माझी पहिली शाळा एकाच पाण्यावर होती असं मी म्हणते.

कोयना धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि १९६४ पर्यंत ते उभं राहिलं. १०३ मीटर उंच. मागे शिवसागर जलाशय, आज त्याची क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास. त्यातलं पुष्कळसं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात आणि वीज करतात. महाराष्ट्र त्या विजेवर उजळला. पण कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांच्या खोऱ्यांतली भातखाचरं आणि गावं पाण्याखाली गेली. काही लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत जमिनी देऊन हलवलं. काही गेलेच नाहीत; पाणी चढलं तसे तेही डोंगरावर चढले. जिथे पूर्वी चालत अर्ध्या तासात जाता यायचं, तिथे मध्ये समुद्र आला.

मी आणि हे, दोघंही शिक्षक. १९७४ साली जावळी तालुक्यात त्या पाण्याकाठच्या शाळेत आमची नेमणूक झाली. विलिंग्डन कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली मी, मला वाटलं होतं कविता शिकवीन. पहिलीच्या पोरांना शेंबूड पुसायला शिकवण्यापासून सुरुवात झाली. ज्या पाण्यावर वीज तयार होत होती, त्याच्या काठी आमच्या शाळेत कंदील होता. पोस्ट, रॉकेल, दवाखाना, बाजार, सगळं लाँचवर. लाँच चुकली की दिवस गेला. पावसाळ्यात धुकं उतरलं की नावाडी सुकाणूवर हात ठेवून नुसता कान देऊन चालवायचा. बाळंतीण अडली तर तिला घोंगडीच्या झोळीतून लाँचपर्यंत आणायचे. माझा मोठा मुलगा पोटात असताना मीही तशीच आले होते. लाँचच्या लाकडी तळावर, घोंगडीवर पडून, फटींतून खाली बुडातलं पाणी चुबुक चुबुक करताना ऐकत.

रोज सकाळी नावाड्याचा पोरगा पायाखालच्या दोन फळ्या उचलायचा आणि डब्यानं पाणी उपसायचा. मी एकदा घाबरून विचारलं, "गळते का रे?" तो म्हणाला, "बाई, गळतीच की. लाकडाची नाव थोडी गळायचीच. पाणी दिसलं म्हंजी भ्या नाही. दिसलं नाही तर भ्यायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

* * *

तो पोरगा माझा विद्यार्थी. गणितात पक्का, शुद्धलेखनात कच्चा. आता साठी उलटलेला, नातवंडांचा आजोबा, आणि एका लाँचचा मालक. आता बामणोलीला पर्यटक येतात. कास पठारावर फुलं बघायची, घाट उतरायचा, लाँचनं वासोट्याच्या पायथ्याशी जायचं. गेल्या काही वर्षांत त्यानं लाँचला पुढच्या बाजूला काचा लावून छोटीशी केबिन केली. म्हाताऱ्या माणसांना वारा लागू नये म्हणून. पर्यटक नसले की तीच लाँच पलीकडच्या वाड्यावस्त्यांतल्या माणसांना बाजाराला आणते.

२०१७ साली माझ्या लेकानं साताऱ्याच्या फ्लॅटमधला गालिचा काढून टाईल्स घातल्या. गालिचा चांगला होता, मरून रंगाचा. टाकायचा कसा? मी आमच्या लाँचमालकाला बोलावून देऊन टाकला. "केबिनमध्ये घाल, शोभा येईल," मी म्हटलं. बाईंनी दिलेला म्हणून त्यानं तो नुसता अंथरला नाही. तळाच्या प्लायवूडवर डिंक लावून, कडा खिळ्यांनी ठोकून पक्का बसवला. पर्यटकांना आवडला. मलाही मनातून बरं वाटलं.

२०२२ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. पाऊस नुकताच थांबलेला, धरण काठोकाठ. बाजारचा दिवस. लाँचमध्ये चौदा माणसं, त्यात दोन तान्ही पोरं. मीही होते, शाळेच्या एका कार्यक्रमाला निघाले होते. मी केबिनमध्ये बसले. पायातली चप्पल काढली, तर गालिचा ओला. वाटलं, कुणाची पाण्याची बाटली सांडली असेल. थोड्या वेळानं पाय टेकवला की गालिच्यातून पाणी वर येऊ लागलं. तेवढ्यात मागून मालकाचा आवाज आला, "पुढं जड झालीया... माणसं मागं या, हळू या, उठू नका एकदम!"

त्याच्या मुलानं सुरीनं गालिचा कापला, प्लायवूडची फळी पहारीनं उचकटली. खाली वीतभर पाणी. चहाच्या किटलीनं, डब्यानं, एका बाईच्या पातेल्यानं आम्ही पाणी उपसत होतो. मधोमध पाणी, दोन्ही काठ लांब. कुणी ओरडलं नाही. त्या बायका मुकाट्यानं पातेली हातोहात देत होत्या. मला मात्र २०१९ च्या पुरातलं ब्राह्मनाळ आठवत होतं. पलूस तालुक्यात, आमच्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. ती नाव उलटण्याची कारणं वेगळी होती. पण पाणी तेच.

आम्ही काठाला लागलो. कुणाला काही झालं नाही. हे मी दोन वाक्यांत लिहिलं, पण ते दोन तास होते.

नंतर लाँच ओढून घेतल्यावर कारण कळलं. पंख्याच्या दांड्यापाशी थेंब थेंब पाणी येतच असतं, आणि पावसाचंही शिरतं. नावेच्या बुडाशी ज्या आडव्या बरगड्या असतात त्यांना खाली भोकं ठेवलेली असतात, म्हणजे पाणी वाहत मागे एका जागी जमतं आणि तिथून उपसता येतं. गालिच्याचे झडलेले धागे आणि त्यातली माती खाली उतरून ती भोकं बुजली होती. पुढचं पाणी पुढेच साठत गेलं. पूर्वीच्या फळ्या रोज उचलल्या जायच्या. गालिचा ठोकल्यापासून पुढचा तळ पाच वर्षं कुणी उघडलाच नव्हता. प्लायवूड खालून कुजून बिस्किटासारखं झालं होतं.

मालक मला काही बोलला नाही. उलट म्हणाला, "बाई, चूक माजी. मी ठोकायला नको व्हता." पण दिला होता मी. शोभेसाठी. आणि ज्या पोरानं मला "दिसलं नाही तर भ्यायचं" हे शिकवलं होतं, त्याला त्याचाच धडा विसरायला लावणारी त्याची बाईच होती.

घरी आले, गॅरेज उघडलं, आणि त्या बेचाळीस फळ्यांकडे बघत बराच वेळ उभी राहिले.

* * *

सागवान आणि नाव हे नातं फार जुनं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, साधारण १७१५ च्या सुमाराचं, त्यात आरमाराचं प्रकरण आहे. त्यात ते सांगतात की गलबतांसाठी सागासारखं लाकूड लागतं, ते आपल्या राज्यातल्या अरण्यातून परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर विकत आणावं. आंबा, फणस यांचं लाकूडही कामाचं, पण त्यांना हात लावू नये. कारण ती झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच एखादं जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. मी वर्गात हे शिकवताना नेहमी थांबायची. लढाईच्या धामधुमीत आंब्याच्या झाडाच्या मालकाची आठवण ठेवणारं राज्य होतं ते.

पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं मलबारच्या सागाची जहाजं बांधली. इंग्लंडच्या आरमाराला ओकच्या जहाजांचा अभिमान, पण हे सागाचं लाकूड त्यांनाही मानावं लागलं. १८१७ साली मुंबईत बांधून झालेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं उलटली! त्या काळच्या लढाऊ जहाजांवर कप्तानाच्या खोलीतसुद्धा फळ्यांवर बहुधा रंगवलेलं जाड कापड अंथरत, काळेपांढरे चौकोन काढून, संगमरवरी फरशी वाटावी असं. लढाईची वेळ आली की सगळं आवरून खोली मोकळी करत. बघा, पुन्हा तीच गोष्ट. शोभा हवी, पण ती उचलता आली पाहिजे.

सागात अंगचंच तेल असतं, म्हणून पाणी आणि कीड त्याला लवकर बाधत नाही. आणि एक गंमत म्हणजे नावेच्या वरच्या लाकडाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं गोडं पाणी अधिक कुजवतं. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर ती सहसा वाढत नाही. म्हणजे लाकूड भिजलं तरी चालतं, वाळायला हवा मिळाली पाहिजे. गालिचा तीच हवा बंद करतो. आई विचारत होती, "ह्याच्या खाली झाडायचं कसं?" प्रश्न बरोबर होता. आम्ही हसलो ते चुकलं.

* * *

काम २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये केलं. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी खाली जातं, नाव काठाच्या चिखलावर चढवून ठेवता येते. मेढ्याकडचे एक वयस्कर सुतारमामा आले. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यांना करवत लावलीच नाही. "आधी पंधरा दिवस ह्या नावंतच ठेवा," म्हणाले. "सांगलीची फळी हाय, हितली हवा अंगाला लागू द्या." लाकूड जागेच्या हवेप्रमाणे ओल घेतं किंवा सोडतं, आणि मगच त्याचं माप खरं होतं. मला आमच्या बदल्या आठवल्या. नव्या गावात पहिले पंधरा दिवस माणसानंही काही ठरवू नये.

मग जुने खिळे काढायचं काम. एकेक खिळा हातानं घडवलेला, चौकोनी. एक आत मोडून राहिला होता त्यानं करवतीचे दात घालवले. मामांनी त्या अनामिक लोहाराचा उद्धार केला. फळ्यांची एक बाजू शंभर वर्षांच्या धुरानं काळी, दुसरीला मातीचा पापुद्रा. रंधा फिरवला आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. वास असा सुटला की मला क्षणभर आमची माडीच आठवली.

दोन फळ्यांमध्ये आणि कडेला बोटाच्या नखाएवढी फट ठेवली, कारण फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या टोकांना तेल पाजलं. फक्त वरून तेल दिलं तर ओल खालून शिरते आणि फळी वाकते. चकचकीत वॉर्निश नको म्हटलं; ओल्या पायाला घसरतं. लोखंडी स्क्रूऐवजी पितळी. लाकडाचं वजन प्लायवूडपेक्षा जास्त, म्हणून मालकानं केबिनमधला एक बाक काढला आणि माणसं दोननं कमी घ्यायचं ठरवलं. हे त्यानं आपणहून ठरवलं, मी सांगितलं नाही.

आणि मुख्य गोष्ट. सगळी जमीन पाच तुकड्यांत केली. प्रत्येक तुकड्याला दोन पितळी कड्या, खोबणीत बसणाऱ्या. कडी धरली की तुकडा उचलतो, खाली बूड दिसतं. कडीपाटाला पुन्हा कडी मिळाली, असा विनोद मी केला. मामा हसले नाहीत. मालक हसला, विद्यार्थी असल्यामुळे बहुधा.

बेचाळीसपैकी एकोणतीस फळ्या लागल्या. उरलेल्यांपैकी दोनांची शाळेला फळीमांडणी करून दिली. अकरा अजून गॅरेजात आहेत. न्यू जर्सीच्या मुला, ऐकलंस का? अकरा. टेबलाला चार पुरतील.

* * *

वहिनींच्या टोमण्याचं उत्तर राहिलं. आजोबांच्या लाकडावर लोक चपला घालून चालतात का? नाही. केबिनच्या दाराशी चपला काढतात. कुणी पाटी लावलेली नाही. बाजाराच्या बायका तेवढं लाकूड ओळखतात. पर्यटक त्यांचं बघून काढतात. आणि चालले तरी काय बिघडलं? त्या फळ्या आमच्याकडेही जमीनच होत्या. आम्ही खालून बघायचो म्हणून छत म्हणत होतो, एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर मी पुन्हा त्या लाँचनं गेले. धरण भरलेलं. समोर एक गरोदर बाई बसली होती, तपासणीला निघालेली, पाय लांब करून. निघण्याआधी मालकाच्या नातवानं एकेक कडी धरून तुकडे उचलले, खाली डोकावला, पुढच्या तुकड्याखालून डबाभर पाणी काढलं आणि फळ्या परत बसवल्या. रोजचं काम. त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं, "आजी, थोडंच हाय."

डोळ्याची ती फळी कुठे लागली हे मी मामांना मुद्दाम विचारलं नव्हतं. शोधली. डाव्या बाजूला, खिडकीखाली आहे. त्या बाईची टाच बरोबर तिच्याशेजारी टेकली होती.

धाकट्या भावाला फोटो पाठवला. त्याचा उलट निरोप आला, "अजून बघतोय काय गं तो?"

बघतोय. आता वर बघतोय, एवढाच फरक.

असो. बामणोलीला या सगळेजण. येताना गालिचे मात्र आणू नका.